सकाळी नाहीसा होणारा रकाना

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसाने निदान जिल्ह्याची हद्द तरी ओलांडलेली असावी. मी ती ओलांडलेली नाही. येवल्याला एसटीत बसलो आणि नाशिकला उतरलो, एवढाच माझा प्रवास. तो लिहून काढायचं धाडस करतोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कुठलं सांगण्यासारखं आणि कुठलं गाळण्यासारखं हेही मला नीट उमगत नाही. पण परत आल्यापासून गल्लीतला जो तो एकच विचारतोय, "नाशिकला जाऊन कॉम्प्युटरवर केलं काय एवढं?" प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट असतो. बहुतेक मुलं तो कॉलेजातच उरकतात. मला आमच्या सरांनी नाशिकच्या एका लहानशा कंपनीत पाठवलं. काम जमलं तर तिथेच चिकटशील, असं ते म्हणाले. नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला माहीत होतं. बाबांच्या शेजारी मागावरची जागा माझी वाट बघत होती. मागाला मी नावं ठेवत नाही. माझी फी त्याच मागाने भरली. पण पैठणीच्या पदरावरचे मोर विणता विणता बाबांची नजर अधू झाली, आणि निघताना आई एवढंच म्हणाली, "तुझे डोळे तरी राहू देत."

येवला ते नाशिक रोड

आईने माझ्या विजारीला आतून एक चोरखिसा शिवून दिला होता. विंचूरपर्यंत मी त्यावर हात ठेवूनच बसलो. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, "पोट दुखतंय का?" विंचूरला कांद्याचा वास गाडीत शिरला, तेव्हा अजून आपलंच गाव चालू आहे असं वाटून जरा धीर आला. निफाडच्या पुढे द्राक्षबागा लागल्या. मांडवांवर घडांना कागद गुंडाळलेले होते. उन्हाने डाग पडू नयेत म्हणून गुंडाळतात, असं शेजारच्यांनी सांगितलं. मला मात्र वाटलं, इकडे द्राक्षंसुद्धा तोंड लपवून बसतात.

निमाणीच्या बसस्थानकावर उतरून सिटी बसने नाशिक रोडला गेलो. तिथे निवृत्तीकाकांकडे राहायचं होतं. काका नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. मुलीच्या लग्नाची पैठणी त्यांनी आमच्या मागावर विणून घेतली, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या दाराला वर एक, खाली एक अशी दोन कुलपं होती, आणि प्रत्येक कुलूप लावल्यावर काका ते ओढून बघत, मग थोडं चालून परत येत आणि पुन्हा ओढून बघत. आमच्या गल्लीत दुपारी दार लावलं तर लोक घरात कोण आजारी आहे म्हणून चौकशीला येतात.

जेवताना काकांनी माझी हजेरी घेतली.

"कंपनीबाहेर पाटी आहे का?"

"माहीत नाही, काका."

"पाटी नसेल तर आत जायचं नाही. आणि पाटी फार मोठी असली तरी जायचं नाही."

"अहो, त्याला भाकरी तरी गिळू द्या," काकू म्हणाल्या.

"गिळू दे की. कान कुठे भाकरी गिळतायत?" काका माझ्याकडे वळले. "आमची रोज सुटताना झडती व्हायची. जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा."

"वाईट नाही वाटायचं?"

"कशाचं वाईट? झडती दिली की रात्री झोप लागते. उद्या आत काही कमी भरलं, तर आपण सुटलेलो असतो. ज्याची झडती होत नाही ना, त्याने घाबरायचं."

हे मला तेव्हा पटलं नाही.

गंगापूर रोड

कंपनी औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. पाटी मध्यम होती. दारातल्या वॉचमनने माझा पेन ड्राइव्ह काढून घेतला, पाकिटात घालून चिकटवला, पाकिटावर माझी सही घेतली आणि पिशवीतला डबा हुंगून परत दिला. मला बसायला जो कॉम्प्युटर दिला, त्यात कंपनीच्या खऱ्या कामाची नुसती नक्कल होती. खऱ्या ठिकाणी मला फक्त बघता येत होतं, हात लावता येत नव्हता. म्हणजे बोलावलं यांनीच आणि चोर ठरवलंही यांनीच, असं मनात आलं.

कंपनीचं काम असं: शेतकऱ्यांच्या संस्था आणि छोटे बाजार यांचा सगळा कारभार इंटरनेटवरून, ब्राउझरमध्ये चालेल असा एक मोठा प्रोग्रॅम त्यांनी बांधला होता. आवक, भाव, बिलं, सभासद, सगळं एकाच ठिकाणी. पण प्रत्येक बाजाराची मागणी निराळी. दर वेळी मूळ प्रोग्रॅम उसवायचा तर सगळ्यांचंच काम अडतं. म्हणून त्यांनी पडद्यावर काही जागा मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि त्या जागांत बाहेरून बनवलेले लहान लहान रकाने बसवता येत. त्या रकान्यांना ते प्लगइन म्हणत. असा एक प्लगइन मला करायचा होता.

हे मला समजावलं मंदार सरांनी. ते तिथले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर, नाशिकचेच, वयाने माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. बोलणं तुटक, आणि बोलताना माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघायचे.

"घराला ओसरी आहे?"

"आहे, सर."

"पाहुणा कुठे बसतो?"

"ओसरीवर."

"पाणी लागलं तर?"

"मागतो. आतून आणून देतात."

"स्वतः आत घुसून माठात तांब्या बुडवतो?"

"नाही."

"मग झालं. तुझा प्लगइन म्हणजे पाहुणा. आल्यावर नाव सांगायचं, कुठे बसणार ते सांगायचं, काय लागेल ते सांगायचं. जे लागेल ते आम्ही देऊ. आत यायचं नाही."

मी भीत भीत विचारलं, "आणि पाहुणा चक्कर येऊन पडला तर?"

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तर घराचं काम थांबत नाही. त्याला उचलून बाहेरच्या बाकावर ठेवतात. प्रोग्रॅम आपणहून ठेवतो. परत कुणी आत घेईपर्यंत तो तिथेच. आणि हे बघ, पडला तर माझ्याकडे येऊन 'पडला' म्हणायचं नाही. का पडला ते घेऊन यायचं."

पंचवटीतल्या फुलबाजारात शेतकऱ्यांची एक संस्था होती, तिच्यासाठी माझा रकाना होता. झेंडू, शेवंती, गुलाब यांचा आजचा भाव कालच्यापेक्षा चढला की उतरला, हे बाणाने दाखवायचं. म्हणजे उद्या किती तोडायचं ते बागवाल्याला ठरवता येईल. काम छोटं वाटेल, पण दोन दिवस मला पडद्यावरची माझी जागासुद्धा मिळेना. रकान्याचं नाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं लिहून बसलो होतो, आणि घर म्हणत होतं, असा पाहुणा आमच्या ओळखीचा नाही. शेवटी रकाना दिसला. रिकामाच, पण चौकटीत माझं नाव. मी उठून पाणी पिऊन आलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत मी 'श्री' लिहिलं होतं. उत्तरपत्रिकेवर लिहितो तसं. ओळीच्या आधी एक खूण केली की मशीन ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. तरी मंदार सरांना दाखवायच्या आधी मी ती ओळ पुसून टाकली. शहरातले लोक हसतील असं वाटलं.

मिसळ

शनिवारी मंदार सर मला मिसळ खायला घेऊन गेले. नाशिकला मिसळीबरोबर पापड आणि दही देतात, हे मला ठाऊक नव्हतं. दही शेवटी खायचं समजून मी बाजूला ठेवलं आणि काळ्या मसाल्याचा रस्सा तसाच भुरकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"दही त्याच्यासाठीच असतं रे," सर म्हणाले.

"आमच्याकडे नुसताच खातात, सर," मी खोटं बोललो.

मिसळीचे पैसे त्यांनीच दिले. घरी आल्यावर काकांना सांगितलं, तर काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "का दिले?"

"असेच."

"असेच कुणी देत नसतं. त्याला तुझ्याकडून काय पाहिजे, ते बघ."

त्या दिवसापासून मी बघू लागलो.

रकाना जातो आणि येतो

पुढच्या आठवड्यात माझा रकाना खऱ्या बाजाराच्या पडद्यावर बसवला. संध्याकाळी तो तिथे होता, बाण सगळे बरोबर. कंपनीचे मालक, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, मागे येऊन उभे राहिले. "चांगलं आहे," ते म्हणाले. "तू जाईपर्यंत नीट चाललं तर बघू पुढचं. सारखं पडत असेल, तर मात्र कायमचं काढायचं. बाहेरच्या माणसाचं आपण दुरुस्त करत बसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला आलो, तर रकाना नाही. जागा रिकामी, जणू तिथे कधी काही नव्हतंच. माझ्याकडच्या नकलेत तो छान चालत होता. संध्याकाळी बघतो तर पडद्यावर परत हजर. तिसऱ्या दिवशी सकाळी गायब, संध्याकाळी हजर. चौथ्या दिवशी तेच.

मशीन असं करत नाही, माणूस करतो, असं माझ्या मनाने घेतलं. एकदा मंदार सर चहाला उठले असताना त्यांच्या पडद्यावर प्लगइनचं पान उघडं दिसलं. माझ्या रकान्यापुढे लिहिलं होतं, 'शेवटचा बदल: मंदार.' आणखी एक कळलं. माझा रकाना ज्या जागी बसवला, तिथे आधी मंदार सरांनी केलेला हवामानाचा रकाना होता. मोठ्या साहेबांनी तो काढून ती जागा मला दिली होती.

"झालं," काका म्हणाले. "सापडला. त्याची जागा तू घेतलीस, तो तुला ठेवतोय होय?"

"पण मग संध्याकाळी परत कशाला बसवतात?"

काका म्हणाले, "साहेब संध्याकाळी बघतात ना? त्यांच्यासमोर साळसूद."

"तुम्ही त्या माणसाला पाहिलंय का?" काकू आतून म्हणाल्या.

"पाहायला कशाला पाहिजे? पोलिसाने चोराला आधी पाहिलेलं असतं का?"

मला झोपेतही तो रकाना दिसायचा. जायला थोडे दिवस राहिले होते. सरांना सरळ विचारायची छाती नव्हती, म्हणून आडून विचारलं, "सर, सकाळी सगळ्यात आधी ऑफिसला कोण येतं?"

"का?"

"असंच."

"मी तर नाही येत," ते म्हणाले आणि हसले. ते हसणं मी दिवसभर मनात उलटंपालटं करून बघितलं. माणूस चोरी करताना असाच हसत असेल, असंही वाटलं, आणि नसेल, असंही.

शेवटी ठरवलं, रकाना जातो तेव्हा आपण समोर असायचं. फुलबाजार उजाडताच भरतो. तिथल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभं राहायचं.

पंचवटी, फुलबाजार

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पहिल्या बसने येऊन गंगेच्या पुलावरून चालत गेलो, तेव्हा घाटावर धुणी सुरू झाली होती. बाजाराचा आधी वास आला, मग आवाज, मग रंग. ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग, वर्तमानपत्रात बांधलेले गुलाब, निशिगंधाच्या जुड्या. आमच्याकडे हेच रंग रेशमात बघतो; तिथे ते सुकायच्या आत विकायची घाई नसते. इथे प्रत्येकाचा हात पळत होता.

संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत सुनंदाताई होत्या. मखमलाबादच्या, घरचीच शेवंतीची बाग, आणि संस्थेचा कॉम्प्युटर त्या चालवायच्या. मी दारात उभा राहिलो तशी त्यांनी पडद्यावर फडकं टाकलं.

"कोन रे तू? व्यापाऱ्याचा मानूस हाय का?"

"नाही ताई. मी तो भावाच्या बाणांचा रकाना केलाय."

"असं कोनीबी म्हनंल. भाव फुटाया नको म्हनून इथं कुनाला उभं करत नाय मी. नाव काय?"

"दत्ता. येवल्याचा. रकान्याच्या कोपऱ्यात नाव आहे बघा."

त्यांनी फडक्याचं एकच टोक उचलून, मला दिसणार नाही अशा बेताने बघितलं. "दत्ता हाय खरं. पर तू त्योच कशावरून? काल शेवंती चढली का उतरली?"

"उतरली. झेंडू चढला."

"बरं, ये. तिथंच ऱ्हा, जवळ नको."

रकाना पडद्यावर होता. मी बघत राहिलो. ऑफिस बंद, मंदार सर घरी झोपलेले असणार. ताईंनी हात धुतले, एक शेवंतीचं फूल कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवलं, हात जोडले आणि आजचं पान उघडलं. फुलाच्या नावाच्या खान्यात काहीतरी टाइप केलं, मग भावाच्या खान्यात काहीतरी टाइप केलं, आणि बटण दाबलं.

रकाना गेला. माझ्या डोळ्यांदेखत.

"गेला बघ," ताई म्हणाल्या. "रोज जातो. मला वाटलं, बाजारात येवढी मानसं बघून लाजतो."

"ताई, आत्ता काय लिहिलंत?"

"श्री."

"आणि भावाच्या खान्यात?"

"तिथंबी श्री. मंग काय कोऱ्या पानावर पयला आकडाच टाकू? माझे सासरे वहीत तसंच करायचे. त्यांनी एकदा इसरून आकडा आधी लिव्हला, तर त्या दिवशी गुलाब फुकट वाटाया लागला व्हता."

"मग बिलावर नाही येत ते?"

"दुपारी बिलं छापायच्या आधी पुसते मी. बिलावर देव कशाला?"

मी फुलांच्या रिकाम्या क्रेटवर बसलो. मूळ प्रोग्रॅमचा तक्ता जे लिहिलंय ते नुसतं दाखवतो, त्यामुळे त्याला 'श्री'चं काही वाटत नव्हतं. माझा रकाना मात्र 'श्री'मधून कालचा भाव वजा करायला जायचा आणि कोसळायचा, आणि घर त्याला उचलून बाकावर ठेवायचं. दुपारी ताई 'श्री' पुसायच्या, म्हणून संध्याकाळी सगळं साळसूद. आणि मी दिवसभर ज्या नकलेवर तपासत होतो, ती रोज बिलं छापून झाल्यावर घेतलेली असायची. तिच्यात 'श्री' कधी आलाच नव्हता.

मी स्वतः जी ओळ लिहून लाजेने पुसली, तीच ओळ ताई रोज लिहीत होत्या. माझी ओळ मशीन ओलांडून जायचं. त्यांची ओळ ओलांडायला मी माझ्या रकान्याला शिकवलंच नव्हतं.

"रडतोस का काय?" ताईंनी विचारलं. "उद्यापास्नं लिव्हू नको का?"

"नाही नाही, लिहा," मी म्हणालो. "रोज लिहा."

परत

त्याच दिवशी मी रकाना बदलला. पहिल्या ओळीत भावाऐवजी अक्षर असेल, तर ते हिशेबात धरायचं नाही. जसंच्या तसं रकान्याच्या माथ्यावर दाखवायचं. मग मंदार सरांसमोर जाऊन, 'पडला' न म्हणता, का पडला ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, आणि पडद्याकडे वळले. एवढंच. पानावर त्यांचं नाव का होतं, ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. रकाना काढत ते नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मग हात कशाला लावत होते? काही नसेल तर सांगतील की. मनातली अढी गेली नाही, नुसती सरकली.

त्यानंतर माझा मुक्काम संपेपर्यंत रकाना सकाळीही दिसत होता. मोठे साहेब म्हणाले, "कळवू." वॉचमनने पाकीट फोडून पेन ड्राइव्ह परत दिला. काकूंनी चिवडा बांधून दिला, आणि काकांनी बसस्टॉपपर्यंत येऊन सांगितलं, "कळवू म्हणणारा माणूस कळवत नसतो."

येवल्याला आल्यावर वाट बघितली. कळलं नाही काही. सायबर कॅफेत जाऊन बाजाराचं पान उघडायला गेलो, तर माझा पासवर्ड चालेना. झालं, म्हटलं. रकान्याच्या कोपऱ्यातलं नाव बदलून झालं असेल आता, तिथे कुणाचं आलं असेल तेही मला माहीत आहे. मग मी बाबांच्या शेजारी मागावर बसू लागलो. बाबांनी रेशमाच्या कांड्या माझ्या बाजूला सरकवल्या. आईने माझ्या बाजूचा दिवा बदलून जास्त उजेडाचा लावला.

परवा शेजारच्या जाधव काकूंनी हाक मारली, "दत्ता, फोन आलाय रे, नाशिकहून." रकान्याच्या मदतीच्या ओळीत मी त्यांचाच नंबर दिला होता.

फोनवर सुनंदाताई. मागे बाजाराचा कल्ला.

"दत्ता का? अरे, तुझा रकाना हाय अजून. वर श्री, खाली बान. आता समद्या बाजारांना त्योच बसवनार हायेत. आन ऐक, मंदार सर पुन्याला गेला, नवी नोकरी लागली त्याला. मोठे साहेब म्हनले, त्याच्या खुर्चीवर येवल्याच्या पोराला बोलवा. कागद येतोय पोस्टानं. मला दम निघंना, म्हनून फोन केला."

मी विचारलं, "सर जाताना काही म्हणाले का, ताई?"

"पेढे द्यायला आला व्हता. म्हनला, ते पोर माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघायचं. आन म्हनला, मी रोज सांजच्याला त्याचा रकाना बाकावरनं उचलून परत आत बसवायचो, साहेबांच्या नजरंला पडायच्या आधी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय रे," ताई म्हणाल्या, "तुला ठावं नव्हतं व्हय?"